पेटीतला माल आणि कळमन्याची बोली



लागवडीची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, खोडव्याची निगा, उसाचा हप्ता या विषयांवर या पानांतून नेहमीच लिहिले जाते. या वेळचा विषय जरा घरातला आहे. आपल्या बहुतेकांच्या घरी माळ्यावर नाहीतर पलंगाखाली एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात लोकर, मणी, लेस, जरीचे काठ, भरतकामाचे दोरे असे सामान वर्षानुवर्षे पडून असते. हा पडून राहिलेला पैसा असतो, आणि तो बहुधा घरातल्या बायांनी दुधाच्या नाहीतर शिलाईच्या कमाईतून घातलेला असतो. तो मोबाईलवरच्या बाजारातून मोकळा कसा करता येतो, हे आमच्या घरच्या अनुभवावरून सांगायचे आहे.

पुरुष मंडळी म्हणतील, हा बायकांचा विषय, आणि पान उलटतील. तसे करू नये. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक घरच्या बाईने केलेली नाही. ती मी केली.

पेटीत काय होते

दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. रुखवत करायचे म्हणून आमच्या सौ. आणि तिची बहीण अशा दोघींनी नागपूरला इतवारीत दोन खेपा केल्या. मोत्यांचे पुडे, कुंदन, टिकल्या, गोटा, साटीनच्या रिबिनी, मखमलीचे तुकडे, काय काय आणले. रुखवत छान झाले, व्याह्यांनी वाखाणले, आणि आणलेल्या सामानातले निम्मे तसेच उरले. त्याआधी गावात शिवण-विणकामाचा वर्ग झाला होता. त्यातली लोकर, सुया, भरतकामाच्या रिंगा होत्याच. पुढे मोबाईलवर बघून क्रोशाची हौस आली, तिचेही सामान आले. हौसेला मोल नसते म्हणतात, पण सामानाला असते. सापडल्या तेवढ्या पावत्या जुळवल्या तर बेरीज ७,६०० रुपये झाली.

दिवाळीच्या साफसफाईत पेटी बाहेर निघाली. सौ. म्हणाली, "अहो, हे पडून पडून खराब व्हायचं. देऊन टाकू का कुणाला?" दारावर आलेल्या भंगारवाल्याला दाखवले. त्याने पुठ्ठा आणि प्लास्टिकचे डबे किलोवर मागितले, बाकीच्याकडे बघितलेसुद्धा नाही. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, मोबाईलवर टाका. लोक जुन्या खुर्च्या विकतात, तुमची लोकर नाही का विकली जाणार?"

झाले. रात्री जेवणे आटोपल्यावर सगळे सामान सतरंजीवर ओतले, बल्बच्या उजेडात एक फोटो काढला आणि खाली लिहिले: हस्तकलेचे सर्व साहित्य विकणे आहे, किंमत ७,६०० रुपये. जेवढ्याला घेतले तेवढे तर यायलाच पाहिजेत, असा माझा हिशेब.

तीन आठवड्यांत दोन फोन आले. एका बाईने विचारले, "लोकर किती आहे आणि कुठली?" मला सांगता येईना. दुसऱ्या बाईने विचारले, "क्रोशाच्या सुया किती नंबरच्या?" सुईला नंबर असतो हेच मला ठाऊक नव्हते.

३,२०० रुपयांचा धडा

तिसरा फोन आला तो मात्र अगदी गोड बोलणारा. म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, बायकोला शिवणकामाची आवड आहे, सगळा माल घेतो, भाव करत नाही. पैसे लगेच पाठवतो, मी पाठवलेले चौकोनी चित्र मोबाईलवर स्कॅन करा आणि पैसे जमा होण्यासाठी पिन टाका. सौ.चा मोबाईल हाताशी होता. मी तिलाच पिन विचारला आणि टाकला. पैसे आले नाहीत. खात्यात होते ते ३,२०० रुपये गेले.

ते पैसे बचतगटाच्या हप्त्याचे होते. दोन दिवसांनी भरायचे होते. सौ.ने बहिणीकडून उसने आणून हप्ता वेळेवर भरला, गटात काही कळू दिले नाही, आणि मला एका शब्दानेही बोलली नाही. पेटी पुन्हा पलंगाखाली गेली.

त्या रात्री काय करायला हवे होते ते मला नंतर समजले, ते येथे सांगून ठेवतो. असे झाल्याबरोबर १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची आशा असते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेत गेलो. तोपर्यंत वेळ गेली होती.

आपल्याला भाव सांगण्याची सवय नाही

नंतर विचार केला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आपण ऊस उत्पादक. आपला ऊस काट्यावर जातो, वजनाची पावती मिळते, गव्हाणीत पडतो. दर सरकारी सूत्राने ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. पैसे किती दिवसांत द्यायचे तेही १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे: १४ दिवसांत. प्रत्यक्षात ते कधी मिळतात हा वेगळा विषय. सांगायचे असे, की उसाच्या बाबतीत आपल्याला गिऱ्हाइकासमोर उभे राहावे लागत नाही, मालाचे गुणदोष सांगावे लागत नाहीत, भाव बोलावा लागत नाही. ती सवयच नाही. मग मोबाईलवर अनोळखी माणसाला माल विकायची वेळ आली, की आपण एक तर घेतल्या भावाला अडून बसतो, नाहीतर कोणी गोड बोलला की सगळे सोपवून मोकळे होतो. माझ्या हातून दोन्ही झाले.

ही सवय कोणाला आहे? जो आपला संत्रा, मिरची, हरभरा घेऊन कळमन्याला जातो त्याला.

कळमन्यात काय दिसले

फेब्रुवारीच्या शेवटी मी आमचा हरभरा घेऊन कळमना मार्केटला गेलो. पूर्व नागपुरातला हा बाजार आपल्याकडच्या पुष्कळ सभासदांच्या पायाखालचा आहे. धान्याच्या बाजूला पोती, मिरचीच्या बाजूला गेले की शिंका, आणि संत्र्याच्या बाजूला त्या दिवसांत मृग बहाराच्या ढेऱ्या. माझा नंबर यायला वेळ होता म्हणून संत्र्याच्या लिलावाशी जाऊन उभा राहिलो.

शेजारी शेजारी दोन शेतकऱ्यांचा माल होता. एकाने गाडीतला माल सरसकट ओतला होता, मोठे फळ आणि बारीक चुरी सगळे एकत्र. दुसऱ्याने मोठा, मध्यम आणि चुरी अशा तीन ढेऱ्या लावल्या होत्या. डागी फळ वेगळे काढून बाजूला ठेवले होते, लपवले नव्हते. फळ दोघांचे जवळपास सारखेच. पण बोली सुरू झाली तेव्हा सरसकट ढेरीवर व्यापारी फार चढेनात. वेगळ्या लावलेल्या मोठ्या फळावर मात्र चढाओढ झाली, आणि चुरीलाही रस काढणारे गिऱ्हाईक निघाले.

मी आमच्या अडत्याकडच्या दिवाणजींना विचारले, असे का? ते म्हणाले, "भाऊ, मिसळ ढेरीवर घेणारा चुरीच्या हिशेबानं बोलते. खाली काय निघन याचं त्याले भेव असते. ते भेव तुम्ही काढलं, का तो बोलते मोकळा."

मी म्हटले, "पण शेतकऱ्याचा खर्च?"

"तुमाले किती खर्च आला, हे त्याले काय करायचं? आज समोर काय हाय आन् उद्या ते कितीत जाईन, एवढंच पाह्यते तो."

मला आमची सतरंजी आठवली. बल्बच्या उजेडात ओतलेली सरसकट ढेरी, आणि तिच्यावर माझ्या खर्चाची पाटी!

सरकारलाही हेच करावे लागले आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्राने ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाईन बाजार सुरू केला. त्यात मालाला लॉट नंबर देऊन आधी प्रत तपासायची आणि मग बोली, अशी पद्धत ठेवली. कारण उघड आहे. लांबचा व्यापारी हरभरा तळहातावर घेऊन दाणा फोडून बघू शकत नाही. त्याला आकड्यांवर विश्वास ठेवावा लागतो. लोकरीच्या गुंड्याचेही तेच. घेणारी बाई पुण्याला बसलेली असते. तिच्या हाताचे आणि डोळ्यांचे काम आपण लिहून करायचे असते.

तीन ढेऱ्या

घरी येऊन सौ.ला सगळे सांगितले. ती म्हणाली, "आता तुम्ही मोबाईल धरा आणि मी सांगते ते लिहा. पिन मात्र माझ्याकडेच राहील." हे अगदी रास्त होते.

पहिल्यांदा माल वेगळा केला. पहिली ढेरी न उघडलेल्या पुड्यांची. दुसरी उघडलेल्या पण चांगल्या मालाची. तिसरी खराब, अर्धवट आणि कामातून गेलेल्या मालाची. हे करताना जे तपासले ते पुढीलप्रमाणे:

लोकर. आपण जिला लोकर म्हणतो ती बाजारात पुष्कळदा ॲक्रिलिक असते. तपासायचे सोपे आहे. दोन बोटे लांब धागा चिमट्यात धरून पेटवावा. खरी लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याची टणक गुठळी होते. आमचे सगळे ॲक्रिलिक निघाले, तसेच लिहिले. त्यात कमीपणा काही नाही, लहान मुलांच्या टोप्यांना पुष्कळ बाया तेच मागतात. वाण्याकडच्या काट्यावर वजन केले, ३ किलो ४०० ग्रॅम भरले. रंगांप्रमाणे अर्ध्या अर्ध्या किलोचे गठ्ठे बांधले.

दोरे. भरतकामाची अँकरची लच्छी ८ मीटरची आणि ६ पदरी असते. न उघडलेल्या लच्छीवर रंगाचा नंबर असतो, तो लिहावा, कारण अर्धे काम झालेल्या बाईला तोच रंग हवा असतो. जुना सुती दोरा दोन्ही हातांनी ओढून बघावा. सहज तुटला तर तो कुजला, तिसऱ्या ढेरीत टाकावा.

सुया. आपल्याकडच्या जुन्या मापात विणकामाच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर, १० नंबरची सव्वातीन. नवीन मुली मिलिमीटरमध्ये विचारतात, म्हणून दोन्ही लिहावे. बारीक मण्यांचेही असेच उलटे आहे. ११ नंबरचा मणी ८ नंबरच्या मण्याहून लहान असतो.

लेस आणि काठ. टेपने मोजून मीटरमध्ये लिहावे, रुंदी इंचात. जर काळी पडली असेल तर तेही लिहावे.

रंग आणि डिंक. कपड्यावरचे रंग बाटलीत सुकलेले असतात. हलवून आवाज आला नाही तर टाकून द्यावेत. स्पिरिट, थिनर असले पेट घेणारे पदार्थ टपालाने पाठवता येत नाहीत. मखराचे थर्माकोल उरले असेल तर ते विकायला काढू नये, सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

फोटो आणि मजकूर

फोटो सकाळी, अंगणात सावलीच्या जागी, पांढऱ्या धोतरावर माल मांडून काढले. कडक उन्हात रंग फिके दिसतात, बल्बखाली पिवळे दिसतात. मालाशेजारी टेप किंवा रुपयाचे नाणे ठेवले की आकार कळतो. प्रत्येक गठ्ठ्याचा फोटो वेगळा, आणि डाग किंवा कसर असेल तर त्याचाही जवळून फोटो. फोटोत घराचा नंबर, गाडीची पाटी किंवा लेकरांचे चेहरे येऊ देऊ नयेत.

मजकुरात गिऱ्हाईक ज्या नावाने शोधते ते नाव पाहिजे. आपण क्रोशा म्हणतो, कोणी क्रोशिया, शहरातल्या मुली क्रोशे म्हणतात. लोकरीला नागपुरातले हिंदी बोलणारे गिऱ्हाईक 'ऊन' म्हणते, इंग्रजी शाळेतली मुलगी 'यार्न' म्हणते. ही सगळी नावे एका ओळीत लिहावीत. आणि 'उत्कृष्ट', 'अप्रतिम' हे शब्द गाळावेत. त्यांच्या जागी वजन, लांबी, नंबर आणि खोट लिहावी.

भाव ठरवताना पावत्या बाजूला ठेवल्या. इतवारीत तोच माल आज नवा कितीला मिळतो ते विचारून घेतले. न उघडलेल्या पुड्याला त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, उघडलेल्या मालाला सुमारे तिसरा हिस्सा, असा ठोकताळा धरला. निम्म्याने विकायचे म्हणजे जिवावर येते, हे खरे. पण घेणाऱ्या बाईलाही नव्या मालापेक्षा स्वस्त मिळाल्याशिवाय ती अनोळखी माणसाकडून का घेईल?

कोणत्या बाजारात विकावे

मोबाईलवरचे बाजार सगळे सारखे नाहीत. ओएलएक्स किंवा फेसबुकचे मार्केटप्लेस म्हणजे गावच्या आठवडी बाजारासारखे. आपण माल मांडायचा, गिऱ्हाईक फोन करते, सौदा आपसांत होतो. घरातले एकदाचे उरलेले सामान विकायला हेच बरे. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो येथे माल नवा, सारखा आणि पुन्हा पुन्हा देता येईल असा लागतो. तेथे धंदा म्हणून उतरावे लागते.

ज्या भगिनींना पुढे तोरणे, आसने, बाळाच्या टोप्या करून नियमित विकायच्या आहेत, त्यांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. पूर्वी अशा कंपन्यांच्या बाजारात विकायचे तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेखालच्या लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय विकण्याची मुभा मिळाली. अट एवढी, की माल आपल्याच राज्यात विकायचा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन देऊन एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा.

परदेशातही असा बाजार आहे. अमेरिकेत २००५ साली निघालेल्या एट्सी या बाजारात हाताने केलेल्या वस्तू आणि २० वर्षांहून जुन्या वस्तू यांच्याबरोबर हस्तकलेचे साहित्यही विकता येते. जुन्या साड्यांचे काठ तेथे घेतले जातात. पण परदेशी टपाल आणि जकातीचे कागद हे नवख्याचे काम नव्हे. आधी वर्धा, अमरावती, पुणे जमू द्यावे.

पार्सलचे गणित

उसाचे वजन काट्यावर होते, पार्सलचे कधी जागेवर होते. बरेच कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात, आणि ते आणि खरे वजन यांत जे जास्त त्यावर पैसे घेतात. ४० बाय ३० बाय २५ चे खोके झाले तर भागाकार ६ येतो. म्हणजे आत लोकर २ किलो असली तरी पैसे ६ किलोचे. आमचे पहिले पार्सल असेच महागात पडले. पुढे लोकर जाड पिशवीत दाबून, हवा काढून, सुतळीने बांधून पाठवली. मण्यांचे उलटे. ते जागा थोडी घेतात, पण जड असतात. म्हणून भाव सांगण्याआधी पार्सल बांधून पोस्टात किंवा कुरिअरच्या दुकानात दर विचारून घ्यावा आणि टपालखर्च वेगळा सांगावा. पार्सल पाठवल्यावर पावतीचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवावा. त्याने अर्धे वाद मिटतात.

पैशाचे चार नियम

हे नियम आमच्याकडे आता पेटीच्या झाकणावर चिकटवलेले आहेत.

१. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि काही स्कॅनही करावे लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. जो कोणी 'पैसे जमा होण्यासाठी पिन टाका' म्हणेल तो चोर समजावा, मग तो स्वतःला सैनिक म्हणवो की साहेब. आपल्या जवानांच्या नावावर ही फसवणूक पुष्कळ चालते.

२. पैसे आल्याचा त्याने पाठवलेला फोटो किंवा मेसेज धरू नये. स्वतःच्या खात्यात रक्कम बघावी, मगच माल सोडावा.

३. 'जास्त पैसे गेले, उरलेले परत पाठवा' असा फोन आला तर खाते बघितल्याशिवाय एक रुपया हलवू नये.

४. समोरासमोर सौदा असेल तर दिवसा, बँकेसमोर किंवा बसस्टँडवर करावा. बायांनी एकटीने जाऊ नये. घरी बोलावू नये.

आणि चूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० ला लगेच फोन करावा.

पाच पेट्या एकत्र

आमची विक्री सुरू झाल्यावर शेजारच्या चार घरांतूनही पेट्या बाहेर निघाल्या. तेव्हा सौ.ने एक शहाणपणा केला. लच्छ्या प्रत्येकीकडे वीस-पंचवीस होत्या, रंग तुटक. एकत्र केल्यावर रंगांचे पूर्ण संच तयार झाले आणि सुट्यांपेक्षा संचाला गिऱ्हाईक लवकर मिळाले. वहीत प्रत्येकीच्या लच्छ्या मांडल्या आणि त्या हिशेबाने पैसे वाटले. यात नवल वाटू नये. एकट्याचा ऊस कोणी गाळत नाही, हे प्रवरानगरला १९५० साली पहिला सहकारी कारखाना सुरू झाला तेव्हापासून आपण जाणतो. मुंबईत १९५९ साली सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तोही एकत्र बसूनच. पाच पेट्यांचा आमचा सहकार त्यांच्यापुढे काहीच नाही, पण रीत तीच.

हिशेब

आता शेवटचा हिशेब, कारण सभासदांना तो हवा असतो. मार्च ते मे या तीन महिन्यांत टपालखर्च जाऊन आमच्या पेटीचे ३,४५० रुपये आले. घेतल्या किमतीच्या निम्म्याहून कमीच. त्यातले ३,२०० सौ.ने बहिणीला परत केले. राहिले २५०. पेटीतला माल विकून मी माझ्या चुकीचे भरून काढले असेही म्हणता येणार नाही, कारण ते पैसे मुळात तिचेच होते. ती भरपाई मी हरभऱ्याच्या पैशांतून वेगळी केली. न विकलेला पण चांगला माल जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यानुभवासाठी दिला.

तिसऱ्या ढेरीत एक जोडी गंजलेल्या सुयांची होती. मी टाकायला उचलली तर सौ. म्हणाली, "राहू द्या. त्या माझ्या आईच्या आहेत." त्या पेटीत परत गेल्या. पेटीत आता बरीच जागा आहे. यंदा इतवारीत गेलो, तेव्हा तिने काय करायचे ते आधी कागदावर लिहून नेले होते आणि तेवढेच आणले.

तरी सभासद बंधु-भगिनींनी आपापली पेटी एकदा उन्हाला काढावी, तीन ढेऱ्या लावाव्यात, आणि काय विकले, काय नाही, कोठे फसगत झाली, हे गट ऑफिसमार्फत अवश्य कळवावे. फसगतीचे अनुभव तर जरूर कळवावेत. नाव छापले जाणार नाही. दुसऱ्या एखाद्या भगिनीचा हप्ता त्यामुळे वाचेल.